शिरीष आणि चौकोनी स्वीडिश गाडी

अरे, आमच्या शिरीषला रिटायर होताना एक जुनी गाडी घ्यायची होती, म्हणून आम्ही दोघं शारजाला इंडस्ट्रियल एरियात गेलो. गॅरेजमध्ये दोन स्वीडिश गाड्या उभ्या होत्या. एक साठच्या दशकातली, गोलसर आणि चकचकीत. दुसरी ऐंशीच्या दशकातली, साबणाच्या वडीसारखी चौकोनी.

मालक म्हणाला, "हबीबी, कलेक्टर लोग गोलवाली ही मांगते हैं."

मलाही तीच आवडली. शिरीष मात्र सरळ चौकोनी गाडीत जाऊन बसला, तेही ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर.

"अरे, चालवून बघ ना," मी म्हणालो.

"अल नहदाला राहायला आलो, तेव्हा अशीच होती आमच्याकडे. मी टेस्टला सारखा नापास. लायसन्स आधी सुमनला मिळालं. मी पुढे काढलं, पण या गाडीत कायम इथेच बसायचो."

सुमनवहिनी गेल्या त्याला दोन वर्षं झाली होती.

"मग घेतोस का ही?"

"घेईन रे. पण चालवणार कोण?"

मी किल्ली मागून घेतली. "यल्ला, मी चालवतो."

हायवेला लागलो. गाडी मस्त पळत होती. एक ट्रक अचानक आमच्या लेनमध्ये घुसला, तसा शिरीषने डॅशबोर्ड धरला आणि म्हणाला, "हळू गं!"

मी स्पीड कमी केला.

गॅरेजशी आलो. मालकाने विचारलं, "तो कौनसी?"

शिरीष उतरलाच नाही. समोर बघत मला म्हणाला, "अजून एकदा जाऊन येऊ या?"