खंडेरावांची बरोबरी

यंदाच्या हंगामातली सातवी सायकल शर्यत जिंकून निसार नाशकाच्या मोटार अड्ड्यावर पाय चोळत बसला होता. शेजारी बसून शर्यतींच्या गप्पा मारणारे दोघे अनोळखी एकदा तरी आपल्याला जुन्या काळच्या नामांकित सायकलपटू खंडेरावांच्या बरोबरीचा म्हणतील, या आशेने त्याने गावी जाणाऱ्या दोन मोटारी सोडून दिल्या होत्या.

“सात जिंकल्या म्हणे त्या निसारनं.”

“जिंकू दे की. खंडेराव म्हैस घेऊन कसारा घाट चढले होते.”

“सायकलवर?”

“म्हैस मागच्या कॅरिअरवर. रवंथ करत होती.”

“म्हैस नव्हती,” पलीकडचा म्हातारा थकल्या आवाजात म्हणाला. “मीच खंडेराव. घाटात मी सायकल ढकलत नेली.”

“बाबा, उगं काय पण. खंडेराव लय उंच होते.”

म्हाताऱ्याने निसारच्या सुजलेल्या पोटऱ्या पाहिल्या आणि तो त्याच्याजवळ सरकला.

“मनाला लावून घेऊ नको, पोरा. ह्यांच्या खंडेरावाची बरोबरी मलाबी जमली नाय.”