सासऱ्यांचं संस्कृत आणि ओल्गाचे ड्रॉप्स

अरे, परवा माझा डोळा टोमॅटोसारखा सुजला आणि इथे अमेरिकेत, पार्सिपनीत, डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळाली तीन आठवड्यांनंतरची! शेजारच्या रशियन ओल्गाला दया आली. तिनं स्वतःकडचे ड्रॉप्स आणून दिले, नाव लेवोमित्सेतिन.

पुण्याहून आलेल्या माझ्या सासऱ्यांनी बाटली हातातून काढूनच घेतली. "लेवो म्हणजे लेप. शुद्ध संस्कृत!"

ओल्गा म्हणाली, "नो, लेवो लॅटिन, म्हणजे लेफ्ट. पुढचं ग्रीक, म्हणजे फंगस."

"ग्रीकांनी आपल्याकडूनच उचललं."

तासभर वाद चालला. डोळ्याला काय, घाई नव्हतीच.

शेवटी फार्मसिस्ट बायकोनं बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं. "बाबा, हे आपलं नेहमीचं क्लोरॅम्फेनिकॉल आहे. अमेरिकेत मिळत नाही म्हणून तुम्हीच याच औषधाच्या सहा बाटल्या पुण्याहून आणल्यात!"

सासरे विजयी मुद्रेनं म्हणाले, "मग मी मघापासून काय सांगतोय? मूळ आपलंच!"