नानांची गारगोटी

चूक कोणाची, ते तुम्हीच सांगा, मला अजून कळलेलं नाही. माझे सासरे, नाना, शिंदखेड्याचे. शेत विकलं तेव्हा बांधावरची एक गारगोटी ते सोबत घेऊन आले. मला दगड घासून चमकवायचा नाद, म्हणून जळगावला आमच्याकडे आल्यावर ती माझ्याकडे दिली. मी ती पाणी आणि कुरुंदाच्या खरखरीत पुडीसोबत फिरत्या डब्यात घातली. महिनाभराने काचेसारखी गुळगुळीत निघाली, तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांची.

नाना पुन्हा आले तेव्हा मी हौसेने ती त्यांच्या हातावर ठेवली.

"चांगली शे," ते म्हणाले. "पन मनी कोठे शे?"

"हीच तुमची, नाना."

"हाई नही. मनी खरबरीत होती."

मी मोबाइलवर तिचा आधीचा फोटो दाखवला.

"हा, हाईच मनी. आते ती द्या."

मी फोटो पुन्हा त्यांच्यापुढे धरला. तेवढ्यात नानांनी न घासलेल्या दगडांच्या टोपलीत हात घातला, एक दगड काढला, त्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सापडनी."

तो दगड मी आदल्या दिवशी जामनेरच्या रस्त्यावर उचलला होता. सांगायला तोंड उघडलं, पण त्यांचा चेहरा इतका निवांत झाला होता, की मलाच वाटायला लागलं, असेल बुवा हीच.