गयाबाईची मिश्रीची डबी

सक्तीनं कुणाचं व्यसन सुटतं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. गावात रंगीत टीव्ही यायला लागले होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या गावात, युसूफ वडगावात, माझ्या किराणा दुकानासमोरच ग्रामसभा भरायची. प्यालेले गडी भांडत बसायचे आणि नळाचा विषय दर वेळी राहून जायचा. शेवटी बायांनी ठराव करून घेतला, सभेला बसण्याआधी प्रत्येक गड्याचं तोंड हुंगायचं. हुंगायला बसली बायांची म्होरकी गयाबाई.

पहिलाच आला दगडू. लांबूनच ओरडला, "आमचंच तोंड कावून? तुमच्या मिश्रीचं काय? ती काय देवाचं तीर्थ हाय?"

गडी लई हसले. गयाबाईच्या दातांना तेव्हाही भाजल्या तंबाखूची मिश्री होती, तीही माझ्याच दुकानची. मला वाटलं, संपला ठराव.

गयाबाई उठली, खळखळून चूळ भरली आणि कनवटीची डबी माझ्या काउंटरवर आपटली. "घ्या शेट, आजपून बंद. दगडू, आता तू तोंड उघडून 'हाऽऽ' कर!"

दगडू असा पळाला की एक चप्पल तिथंच राहिली. त्याच्यामागं आणखी चौघं. मी पोट धरून हसतोय, तर गयाबाई माझ्याकडं वळली.

"शेट, तुमचा गाल कावून फुगलाय?"

काय करता! तंबाखू थुंकलो आणि माझी चंची तिच्या डबीशेजारी ठेवली. नळाचा ठराव मात्र अर्ध्या तासात मंजूर.

गयाबाईचं बघून बाकीच्या बायांनीही मिश्री सोडली, खप बसला, म्हणून मी दंतमंजन मागवलं. पहिलं गिऱ्हाईक दगडूच. इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "शेट, दारूचा वास जाईल असं हाय का एखादं?"