भाचीसाठी चौकशी

हलू नकोस, टाचणी टोचेल — आणि खरं सांग, तुमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर झाडाखाली वाचत बसलेली मुलगी आहे ना, ती तुमच्याकडे शिकते का खरंच? कारण तीच मला दुसऱ्या कॉलेजच्या पानावरही दिसली, तोच पिवळा शर्ट, कॉलर वाकडी शिवलेली — ती कशी सुटेल माझ्या नजरेतून? भाचीसाठी बघतेय गं मी. दोन्हीकडे लिहिलंय, आम्हीच पहिले. दोघं पहिले कसे असतील? कुणी विचारत नाही म्हणून लिहितात. शंभरातल्या पंच्याण्णवांना नोकरी म्हणे — उरलेल्या पाचांना काय पुरलंत?

दुसरा पाय पुढे घे. हां. तुमचं कॉलेज मोठं, मान्य, पण वर्ग सगळे दिवसा — आणि ते बाजारामागचं संध्याकाळी भरतं. मग त्याची पदवी वेगळी असते का? वर तसं छापतात का, की ही संध्याकाळची? माझा मुलगा म्हणतो, तिथे सगळी पोक्त माणसं येऊन बसतात, टाइमपास. म्हणाला आणि हसला. मीही हसले, काय करणार — त्याला कशाला विचारू, भाचीचं आहे ना. टक्के? बारावीला एकाहत्तर. कधी म्हणजे? झाली की... बरीच वर्षं झाली. मध्ये लग्न झालं, मग मूल — अशी काय बघतेस? भाच्यांची लग्नं होत नाहीत का?

हसलीस ना? बरं, नाही हसलीस. सरळ उभी राहा.

गेल्या आठवड्यात गेले होते मी त्या बाजारामागच्या कॉलेजात. फाटकापर्यंतच. रखवालदार म्हणाला, मुलीला न्यायला आलात का — मी हो म्हटलं, थोडी उभी राहिले, परत आले. आत सगळे दिवे लागले होते. एक बाई, माझ्याहून वयानं मोठीच, धावत आत शिरली. उशीर झाला होता तिला.

तुझी आत्या शिकवते तिथे? खरंच, की मला बरं वाटावं म्हणून सांगतेस? काय शिकवते? ...इतिहास. माझाही तोच — असू दे. सोमवारी भेटायला जायचं तिला? छे, सोमवारी गिऱ्हाईकं असतात माझी. ...किती वाजता म्हणालीस? आणि तू आत असशील, की बाहेर थांबशील? बाहेरच थांब. पँट उद्या ने. जा आता, कपडे बदल आणि निघ, मला शटर ओढायचंय.