वर्षाराणी निघाल्या स्टुटगार्टला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे आगारप्रमुख माननीय विजयसिंह सरनोबत साहेब, आम्हाला घरबसल्या युरोप दाखवणाऱ्या जर्मनच्या शिक्षिका त्रिशला चौगुले मॅडम, सत्कारमूर्ती वर्षाराणी, त्यांच्या सासूबाई विठाबाई आणि मंगळवार पेठेतलं हे सभागृह खचाखच भरून टाकणाऱ्या बंधू-भगिनींनो,

मी गुंडू पाटील, कंडक्टर. कोल्हापूर-मुरगूड गाडीवर वर्षाराणी पुढं स्टिअरिंगला आणि मी मागं, अशी सहा वर्षं गेली. परवा त्या जर्मनीत बस चालवायला निघाल्यात. आपल्या आगारातनं परदेशी निघालेला पहिला ड्रायव्हर, आणि तीही बाई! टाळ्या होऊ द्यात की!

तिकडं ड्रायव्हर कमी का पडले? मॅडमनी सांगितलं, युरोपातल्या मोठ्या शहरांत जुने ड्रायव्हर एकदमच निवृत्तीला आलेत. शिवाय लोकांनी घरची मोटार सोडून बसनं जावं म्हणून खटपट चाललीय. बसला वेगळी लेन, विजेवरच्या गाड्या, ट्राम, मेट्रो, बस मिळून एकच तिकीट. ऐकून मी खूश! मग मॅडम म्हणाल्या, तिथं बसला कंडक्टर नसतो. माझा चेहराच पडला. विठाबाईंनी विचारलं, "मग तिकीट न्हाय काढलं तर इचारतंय कोण?"

खरी अडचण आली पुण्यात, बस चालवायच्या परीक्षेत. दारं लागली, रस्ता मोकळा, शेजारी जर्मन परीक्षक, आणि गाडी जागची हलेना. पावणं घड्याळ बघायला लागले. वर्षाराणी बसल्यात कंडक्टरच्या डबल बेलची वाट बघत! झाल्या नापास. पंधरा दिवसांनी शेवटची संधी होती. ती हुकली की जर्मनीचं नाव सोडायचं.

परत आल्या आणि म्हणाल्या, "गुंडूमामा, उद्यापास्नं बेल मारायची न्हाय. मी आरशात बघून सोडते."

साहेब, हे नियमात बसत नाही, ठाऊक आहे. पहिल्या दिवशी माझा हात आपोआप दोरीकडं जायचा, मी तो खिशात कोंबला. गाडी उभीच. मागनं हॉर्न, आत प्रवाशांची ओरड, "मास्तर, झोपलाय व्हय? बेल मारा की!" मग हळूहळू जमायला लागलं.

तेराव्या दिवशी मी कागलला नोंद करायला खाली उतरलो होतो. प्रवासी सगळे चढले, एवढं बाईंनी आरशात नीट पाहिलं, दार लावलं आणि गाडी गेली की निघून! मी थांब्यावर, हातात तिकिटाचं मशीन. शेवटी आपल्या एसटीचे प्रवासी पळवणाऱ्या वडापच्या खासगी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून कोल्हापूर गाठलं. वडापवाला म्हणाला, "मास्तर, तुमी आणि वडापात?" मी म्हटलं, "आमची पोरगी पास झाली!" परीक्षा अजून दोन दिवसांवर होती, पण मला निकाल कळला होता. वाईट वाटलं का? वाटलं की, खोटं कशाला बोलू? पण आनंद त्याहून मोठा होता.

साहेबांचे, मॅडमचे आणि तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात काही कमीजास्त निघून गेलं असेल, तर आपला माणूस म्हणून पोटात घाला.

आणि वर्षाराणी, मागं कोण राहिलं ते बघत बसू नका. बिनधास्त जावा. आम्ही येतो मागनं वडापनं.