लोणीची विहीर अन् फुकटचं सॉफ्टवेअर

...आन् वर म्हणतो काय, "माझ्याकडं तर चालतंय!" अरं बाबा, तुझ्याकडं चालतंय म्हणून मी काय तुझ्या घरी ऱ्हायाला यिऊ? तुमाला सांगतो राव, ह्या एका वाक्यानं माझं रगात आटवलं!

त्याचं झालं असं, मी गोकुळ, महाळुंगे पडवळचा, तवा पुण्यात भूशास्त्राच्या एम. एस्सी.ला. मामाचं गाव लोणी. तिथं पिण्याच्या पाण्याची विहीर मंजूर झालेली, पण खणायची कुठं, ह्यावरनं निम्मं गाव निम्म्याशी बोलत न्हाई! बाया आपल्या हंडे घिऊन टँकरमागं पळत्यात. सरपंच सारजाबाई मला म्हणाल्या, "पावणं, तुमी शिकलेले, तुमीच सांगा जागा." मला काय, लई हुरूप! उन्हाळाभर एकेका विहिरीत दोरी सोडून पाणी किती खोल हाय ते मापलं, कुत्री अंगावर घेतली, आकडे कॉम्प्युटरात घातले. आता असल्या आकड्यांचं रंगीत चित्र काढणारं एक सॉफ्टवेअर इंटरनेटवर फुकट मिळायचं. मोठमोठे शास्त्रज्ञ वापरत्यात म्हणं! लावलं. बटण दाबलं. तर समोर नुसती काळी खिडकी... अवस! चित्राचा पत्ताच न्हाई!

नारायणगावच्या सायबर कॅफेत बसून, ज्यांनी ते बनवलं त्यांना मेल टाकला. जर्मनीतनं एकाचं उत्तर, "माझ्याकडं तर चालतंय." दुसरा विचारतो, "माहितीपुस्तिका वाचली का?" वाचली की! तिच्यात लिवलंय, 'हा भाग अजून लिहायचा आहे'! तिसरा जरा सज्जन, "नवी आवृत्ती टाका, तिच्यात दुरुस्त केलंय." टाकतो म्हणलं. डाउनलोड निघालं मुंगीच्या पावलानं... संपत आलं, अन् लाईट गेली! लोडशेडिंग! कॅफेवाला गारेगार आवाजात म्हणतो, "जनरेटर तर चालतोय भाऊ, डिझेल तेवढं न्हाई."

हेलपाटे घालघालून शेवटी चित्र आलं, रंगीत! पळत लोणी गाठली, ग्रामसभेत शाळेच्या कॉम्प्युटरवर लावलं. सारजाबाईंनी बोट ठेवलं, "ह्यो तांबडा डोंगर म्हंजे पाणी का? लई हाय की वो!" मी बघतो तर... आयला, चित्र उलटं! जिथं पाणी पार पाताळात, तिथंच डोंगर! "मावशी थांबा, वजाचं चिन्ह ऱ्हायलं," म्हणून चिन्ह घातलं, एंटर मारली, अन्... हँग! गाव माझ्याकडं बघतंय, मी पडद्याकडं बघतोय, पडदा कुणाकडंच बघंना! माझं मेलचं सगळं रामायण ऐकलेला चिमाजीमामा मागनं वराडला, "आरं, त्या जर्मनवाल्याकडं तर चालतंय नव्हं?"

मग काय करता! आकडे माझे तोंडपाठ. सगळ्यांना ओढ्याकाठी नेलं, चुन्यानं फुली मारली, "इथं खणा." कुणी कुदळीला हात लावंना. तेवढ्यात पाणी बघणारा भागू पाणाड्या पुढं झाला. तळहातावर नारळ, डोळे मिटलेले... एक डोळा जरा कमीच मिटलेला! डुलत डुलत नेमका माझ्या फुलीवर आला, अन् नारळ ताडकन उभा! सारजाबाई म्हणाल्या, "आता कसं! खणा!"

खणलं. पाणी लागलं, राव! असं गोड पाणी, टँकर कायमचा बंद झाला. खोटं कशाला बोलू, पहिला हंडा भरला तवा माझ्याबी डोळ्यांत पाणी आलं. पण हार कुणाच्या गळ्यात? भागूच्या! मी मामाला कोपऱ्यात घेतलं, "मामा, फुली माझी व्हती की!"

मामा म्हणतो, "तुजीच व्हती रं बाबा. पण आमच्या भागूचा नारळ आजवर कधी हँग झाला न्हाई!"